तानसेन ते तानसेन : पाल्पातील इंग्रजी शिक्षक प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प थोडक्यात : ग्वाल्हेरच्या मराठी शिक्षकांच्या गटातील चार जण नेपाळमधील पाल्पा जिल्ह्यात तानसेनला जाणार. तिथल्या सामुदायिक, म्हणजे सरकारी, शाळांमध्ये पहिली ते आठवीला इंग्रजी शिकवणारे २८ शिक्षक. सहा दिवस प्रशिक्षण, पुढे तीन दिवस त्यांच्याच वर्गात बसून निरीक्षण. फेब्रुवारीत तिकडचे दोघे इकडे. गावाच्या नावाचा आपल्या गायक तानसेनशी काही संबंध नाही. नकाशात नुसते ‘तानसेन’ टाकले की फोन ग्वाल्हेरमधली तानसेनची हजिऱ्याची समाधी किंवा तानसेन नगर दाखवतो, म्हणून प्रत्येक कागदावर ‘तानसेन, पाल्पा’ असेच लिहायचे ठरले.

१८ ऑगस्ट २०२४, लष्कर (ग्वाल्हेर)

तारखा ठरवल्या. यजमानांच्या पत्रात ‘मंसिर पहिलो हप्ता’ होते. मंसिर म्हणजे मार्गशीर्ष, म्हणून घरचे पंचांग उघडले, तर मार्गशीर्ष २ डिसेंबरला लागतो. इथेच घोळ होणार होता. नेपाळचे महिने सौर आहेत, संक्रांतीला सुरू होतात. मंसिर नोव्हेंबरच्या मध्यालाच लागतो. यंदा पौर्णिमान्त मार्गशीर्षही १६ नोव्हेंबरलाच सुरू होतो, म्हणजे बाजारातले हिंदी पंचांग योगायोगाने बरोबर आणि आपले अमान्त पंचांग पंधरा दिवस मागे. यापुढे पत्रात इसवी तारीख आणि वार दोन्ही लिहायचे.

दशैं-तिहारच्या (तिथल्या दसरा-दिवाळीच्या) आधी काहीही ठेवू नये, कारण तेव्हा शाळा बंद आणि शिक्षक गावी गेलेले. साप्ताहिक सुट्टी शनिवारची, रविवार कामाचा, शुक्रवारी अर्धी शाळा. प्रशिक्षण रविवार १७ ते शुक्रवार २२ नोव्हेंबर.

२२ सप्टेंबर

गरजा कळाव्यात म्हणून दहा प्रश्नांचा फॉर्म पाठवला होता. उत्तरे आली तीही फॉर्मसारखीच : ‘अध्यापन पद्धती हवी’, ‘व्याकरण हवे’, ‘नवीन तंत्र हवे’. यावरून काही आखता येत नाही. त्याऐवजी फोनवर आपल्याच वर्गाचे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मागवले. विद्यार्थ्यांची नावे नकोत, पाठ कोणताही चालेल. ११ जणांनी पाठवले आणि फॉर्मपेक्षा कितीतरी जास्त कळले.

बहुतेक ठिकाणी क्रम एकच : शिक्षक वाक्य वाचतो, नेपाळीत अर्थ सांगतो, मुले एका सुरात वाक्य म्हणतात, पुढचे वाक्य. म्हणजे तीन मिनिटांत मुलाने स्वतः जुळवलेले एकही इंग्रजी वाक्य नाही. दुसरे, कृती करायला सांगताना सूचना लांबते, मध्येच तुटते, शेवटी नेपाळीत पुन्हा दिली जाते. आपल्या ग्वाल्हेरच्या वर्गांतही नेपाळीच्या जागी हिंदी घातली की हेच चित्र, त्यामुळे नाक वर करण्यासारखे काही नाही.

व्याकरणाची तीन व्याख्याने कार्यक्रमातून काढली. व्याकरण या लोकांना आपल्याइतकेच येते. तो वेळ सूचना देणे, जोडीकाम, उच्चार आणि सूक्ष्म अध्यापन (सहकाऱ्यांसमोर काही मिनिटांचा पाठ) यांना दिला.

६ ऑक्टोबर

मार्ग. सप्टेंबरअखेरच्या पुराने काठमांडूकडचे रस्ते तुटले आहेत. तिकडून फिरून जाण्याचा विचार सोडला. ग्वाल्हेर-बरौनी गाडी झाशी, कानपूर, लखनौ करत थेट गोरखपूरला नेते. तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडून बेलहिया, मग भैरहवा, बुटवल आणि घाट चढून तानसेन. बुटवलच्या पुढे सिद्धबाबा भागात दरड आणि दगड कोसळतात, म्हणून तो टप्पा उजेडातच करायचा. बुटवलला मुक्काम धरला.

कागदपत्रे. भारतीयांना व्हिसा लागत नाही. तरी चौघांनीही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यायचेच. पुढेमागे विमानाने परतावे लागले तर प्रौढांचे नुसते आधार कार्ड चालत नाही.

पैसे. दर ठरलेला आहे : १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी. २०२४ मध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा तिथे चालत नव्हत्या, म्हणून सगळे रोख शंभराच्या नोटांत. सीमेवर भाव सांगताना ‘आयसी’ म्हणजे भारतीय, ‘एनसी’ म्हणजे नेपाळी; हे न विचारता पैसे काढले तर दीडपटीहून जास्त जातात. यंदा मार्चपासून आपले यूपीआय तिथल्या क्यूआरवर चालू झाले आहे. तिथल्या सेवेचे नावही फोनपे, पण ती आपली फोनपे नव्हे, वेगळी नेपाळी कंपनी. दुकानात चालते, बसला आणि टपरीवर रोखच धरून चालावे.

२७ ऑक्टोबर

साहित्य. पहिली यादी वजनाने कोसळली. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचे एक रीम सव्वादोन किलोंहून जड; चार रीम म्हणजे सव्वानऊ किलो, तेही घाटात बसच्या टपावर. कोरे कागद आणि ४० चार्ट पेपर बुटवलला घ्यायचे. इथून न्यायचे ते असे : कापून तयार केलेली कार्डे, मास्किंग टेपचे सहा रोल, १२ रंगांच्या स्केचपेनांची सहा पाकिटे, रबरबँडचे एक पाकीट, २०० लिफाफे, ३० पारदर्शक प्लास्टिक पाकिटे. पाकिटात कोरा कागद सरकवला की व्हाइटबोर्ड मार्करने लिहिता-पुसता येते; पाटीचे काम होते आणि वजन नाही. पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे.

एक नुकसान. माहिती-अंतराच्या खेळात ‘अ’ कागदावर अर्धी माहिती आणि ‘ब’ कागदावर उरलेली अर्धी असते. दोघांनी विचारून पूर्ण करायची. छपाईवाल्याने कागद वाचवायला अ आणि ब पाठपोट छापले. ५६ कागद बाद. मुलाने पान उलटले की उत्तर हातात! आता अ पांढऱ्या कागदावर, ब पिवळ्या. रंग वेगळा असला की पाठपोट छापण्याचा प्रश्नच येत नाही आणि वाटताना कोणाला काय गेले तेही लांबून दिसते.

१४ व १५ नोव्हेंबर, प्रवास

१५ला कार्तिक पौर्णिमा. गोरखपूरच्या बसस्थानकावर गर्दी, सोनौलीची बस दोन तास उशिरा. दोन तासांची मोकळीक आखणीतच हवी होती. बेलहियाला भन्सार, म्हणजे जकात. एकसारख्या वस्तूंचा गठ्ठा विक्रीचा माल वाटतो, म्हणून यजमान शाळेचे नेपाळीतले पत्र आणि साहित्याची मोजून केलेली यादी वरच ठेवली होती. त्यावर काम झाले. घड्याळे पंधरा मिनिटे पुढे.

१६ नोव्हेंबर, शनिवार, तानसेन

सुट्टी, म्हणून खोली लावायला दिवस मिळाला. बाके जड, दोघांची, सगळी फळ्याकडे तोंड करून. सात गट, चौघांचा एक. दोन बाके समोरासमोर लावली तर मधली वाट बंद होते. एक बाक सोडून एकाने मागे वळून बसायचे, हे जमले. असे वळून बसणे त्यांच्या रोजच्या वर्गातही करता येईल, आणि खोली लावताना खरी कसोटी तीच.

प्लग आपलेच बसतात. प्रोजेक्टर आहे, पण त्यावर काहीही अवलंबून ठेवलेले नाही.

वेळापत्रक बदलावे लागले. आपण एक वाजता जेवण धरले होते. इथे शिक्षक सकाळी दाळभात जेवूनच दहाला शाळेत येतात. दुपारी फक्त ‘खाजा’ : चिउरा, चणे, चहा. तासाभराची सुट्टी कोणालाच नको. अर्धा तास पुरे, उरलेला अर्धा तास सरावाला. (खाजा म्हटल्यावर आपल्यापैकी एकाने गोड पदार्थाची वाट पाहिली.)

१७ नोव्हेंबर, पहिला दिवस

ओळखीत ग्वाल्हेर म्हटल्याबरोबर माधवीराजे शिंदे निघाल्या. त्या ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या सून, मूळच्या नेपाळच्या राणा घराण्यातल्या. त्यामुळे पहिली दहा मिनिटे आपोआप पार पडली.

भाषेचा नियम सुरुवातीलाच सांगितला : सत्रे इंग्रजीत, गटातली चर्चा नेपाळीत चालेल, हिंदी नाही. इथे सगळ्यांना हिंदी समजते आणि आपल्याला ती सोपी जाते, म्हणूनच मोह होतो. पण बाहेरून आलेल्याने इथल्या शिक्षकांना हिंदीत शिकवणे बरे दिसत नाही, आणि इंग्रजीच्या शिक्षकाचा इंग्रजीत बोलण्याचा सरावही बुडतो.

विषय : सूचना. प्रत्येकाने एक साधी कृती करायला सांगायची आणि दुसऱ्याने शब्द मोजायचे. पहिल्या फेरीत कित्येकांचे साठ-सत्तर शब्द. नंतर पायऱ्या दिल्या. कागद वाटण्याआधी सूचना, कारण कागद हातात आला की कान बंद होतात. एका वाक्यात एकच क्रियापद. सांगण्याऐवजी एका मुलाला पुढे घेऊन करून दाखवणे. शेवटी तपासणीचा प्रश्न, आणि तो ‘समजले का?’ असा कधीच नको. त्याला सगळा वर्ग ‘येस सर’ म्हणतो. ‘लिहायचे की बोलायचे?’, ‘एकट्याने की जोडीने?’, ‘किती मिनिटे?’ असे विचारायचे. दुसऱ्या फेरीत बहुतेक जण वीस-पंचवीस शब्दांत आले.

१८ नोव्हेंबर, उच्चार

सर्वांत कसाचा दिवस, आणि आपली तयारी अर्धवट होती हे इथे कळले.

दोन्हीकडे देवनागरी, म्हणून इंग्रजी शब्दांचे उच्चार फळ्यावर देवनागरीत लिहिले. झू लिहिले, त्यांनी महाप्राण झ म्हटला. आपण पिझ्झा, झेरॉक्स लिहितो तेव्हा झ आपल्या मनात वेगळा वाजतो. नेपाळीत तो झाडातला झ. ते पिज्जा, जुम लिहितात. व्हिडिओसाठी आपण व्ह वापरतो, ते ‘भिडियो’, ‘टेलिभिजन’ लिहितात. म्हणजे दोघांनीही एकाच परक्या ध्वनीसाठी हकाराचा आधार घेतला आणि दोघांचाही उच्चार मूळ इंग्रजीपासून तितकाच लांब. बॅगला आपण अर्धचंद्र देतो, ते ‘ब्याग’ लिहितात आणि मग खरोखर य ऐकू येतो.

दुपारी फळा पुसून तीन रकाने केले : मराठी लेखन, नेपाळी लेखन, आणि तिसऱ्यात फक्त तोंडाची खूण. उदाहरणार्थ व्हिडिओच्या पहिल्या ध्वनीला वरचे दात खालच्या ओठावर. तिसऱ्या रकान्यात अक्षर लिहायचेच नाही. वर्गात मुलांच्या वहीत इंग्रजी शब्दाखाली देवनागरी लिहून देण्याची सवय दोन्ही देशांत आहे. ती का अंगाशी येते हे या तक्त्याने दाखवले, भाषण करावे लागले नाही.

‘चार’ हा शब्द तर वरदान. मराठीत आणि नेपाळीत लेखन एक, अर्थ एक. आपण म्हणतो तेव्हा जीभ टाळूला, ते म्हणतात तेव्हा दातांच्या मागे, आपल्या ‘चाक’मधल्या चसारखा. इंग्रजी ‘चेअर’ला आपल्या ‘चार’चा च लागतो. दोघांनी आळीपाळीने ‘चार’ म्हणायचे, बाकीच्यांनी फरक ऐकायचा. पाच मिनिटांत सगळ्यांना ऐकू आला. तयार पुस्तकातल्या कुठल्याच जोडीने हे इतक्या लवकर होत नाही.

स आणि श : बोलण्यात दोन्ही स होतात, ‘शी’ आणि ‘सी’ एक. सरावाचा क्रम असा ठेवला. आधी फक्त ऐकणे : प्रशिक्षक तोंडासमोर कागद धरून दहा शब्द म्हणतो, स ऐकला तर डावा हात, श ऐकला तर उजवा. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत बोलायला सांगायचे नाही. मग जोडीत एकाने म्हणायचे, दुसऱ्याने दोनपैकी एका चित्रावर बोट ठेवायचे. चुकीचे चित्र दाखवले गेले की बोलणाऱ्याला स्वतःच कळते, कोणी सुधारावे लागत नाही. ‘शी सेल्स’ वगैरे जिभेचे खेळ टाळले. त्यात ज्याला येते त्याचीच करमणूक होते.

‘इस्कुल’, ‘इस्टेसन’ : हा आगंतुक इ ग्वाल्हेरच्या बाजारातही ऐकू येतो, त्यामुळे उपाय हाताशी होता. स लांबवायचा, सापासारखा, आणि न थांबता ‘कूल’ जोडायचे.

ऱ्हस्व-दीर्घ, म्हणजे ‘शिप’ आणि ‘शीप’, यात मात्र आपणही कच्चे. बोली मराठीत इ-ईचा फरक फारसा उरलेला नाही, आणि ‘व्हेस्ट-वेस्ट’मध्ये तर आपले दोघे जण सरळ चुकले. तिथे प्रशिक्षकाने नमुना देऊ नये. फोनमधल्या शब्दकोशाचा आवाज लावावा. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली मांडलेली यादी इथे कामाची : परस्परांना कळण्यासाठी स्वरांची लांबी आणि वाक्यातला मुख्य आघात महत्त्वाचा, ‘थिंक’मधला थ तितका नाही. त्यामुळे थ सोडून दिला. आघातासाठी रबरबँड : ‘फोटोग्राफ’ला पहिल्या अक्षरावर ताणायचे, ‘फोटोग्राफर’ला दुसऱ्यावर. पाकीट संपले.

१९ नोव्हेंबर, माहिती-अंतर

एन. एस. प्रभू यांच्या इंग्रजी अध्यापनाच्या १९७९ ते १९८४ च्या बंगलोर प्रकल्पातली कल्पना, अजूनही सर्वांत स्वस्त साधन. तानसेनहून सुटणाऱ्या बसचे कल्पित वेळापत्रक केले होते : पांढऱ्या कागदावर सुटण्याच्या वेळा, पिवळ्यावर पोचण्याच्या.

पहिल्या फेरीत फसले. चार मिनिटांत सगळ्यांचे कागद भरले आणि खोलीत आवाज नाही. शेजाऱ्याला कागद दाखवणे ही बाकावरची सवय, त्यात लबाडी नव्हती. दुसऱ्यांदा एकाला मागे वळवले, कागद मधोमध दुमडून तंबूसारखा उभा केला, आणि प्रश्नाचा साचा फळ्यावर लिहिला. साचा नसेल तर लोक मातृभाषेत विचारतात, कारण प्रश्न तयार करणे हीच खरी अवघड गोष्ट आहे. यावेळी अकरा मिनिटे लागली आणि गोंगाट झाला.

ऐकताना दोन चुका सारख्या आल्या, दोन्ही आपल्या कल्पनेबाहेरच्या. ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल : नेपाळीत ऊ, उनी दोघांनाही चालते, मराठीत तो-ती असल्याने आपल्याला हे सुचत नाही. आणि ‘फाइव्ह बुक’ : नेपाळीत संख्या आणि ‘वटा’ हा मोजणीचा शब्द आले की अनेकवचनाची खूण गळते. दोन्हींसाठी बदल-तक्ता केला : चार रकाने, प्रत्येकात पाच शब्द, आडव्या ओळीत वाक्य जुळवायचे. पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, कागदावर ६२५ वाक्ये होतात; त्यातली वेडगळ कोणती ते शोधायला लावले की मुले वाचतात.

२० नोव्हेंबर

अकरा ते दोन वीज नाही. काही अडले नाही. चित्र-श्रुतलेखन घेतले : शिक्षक वर्णन सांगतो, मुले काढतात. पाकिटाच्या पाट्यांचे मार्कर मात्र वाळले, कारण टोपणे उघडी राहिली. २८ जणांना १२ मार्कर पुरत नाहीत.

२१ व २२ नोव्हेंबर, सूक्ष्म अध्यापन

हिशेब : प्रत्येकी आठ मिनिटे पाठ, चार मिनिटे चर्चा. २८ जणांचे ३३६ मिनिटे. दोन खोल्या केल्या, खोलीमागे १४ जण, १६८ मिनिटे. गुरुवारी आठ, शुक्रवारी अर्ध्या दिवसात सहा. पाठ स्वतःच्या पाठ्यपुस्तकातलाच घ्यायचा. पहिल्याच दिवशी काही जणांनी इंटरनेटवरचे खेळ आणले. मजेदार होते, पण सोमवारी वर्गात जे पान उघडायचे त्याच्याशी नाते नाही. ते परत पाठवले.

चर्चेचा क्रम पक्का ठेवला. शिकवणारा आधी स्वतः सांगतो की पुढच्या वेळी काय ठेवणार, काय बदलणार. मग सहकारी. प्रशिक्षक शेवटी, आणि एकच बदल सुचवायचा. गुरुवारी एका खोलीत आपल्यातल्याने सहा सूचना दिल्या. शिकवणाऱ्या मिसने वहीत सहाही लिहून घेतल्या आणि शुक्रवारी पुन्हा उभ्या राहायला नकार दिला. दुसऱ्या प्रशिक्षकाने त्यांना जोडीने शिकवायला उभे केले.

२४ ते २६ नोव्हेंबर, वर्गनिरीक्षण

नऊ वर्ग. मुलांत मगर, नेवार या समाजांच्या घरांतली बरीच. म्हणजे काहींना नेपाळी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. ‘नेपाळीत अर्थ सांगितला की कळले’ हेही गृहीत धरता येत नाही.

टिकले ते तपासणीचे प्रश्न : नऊपैकी सात वर्गांत. जोडीकाम फक्त दोन ठिकाणी. कारण विचारले तेव्हा आळस निघाला नाही. वर्गांमधली भिंत पातळ फळीची, शेजारी गणित चालू, गोंगाट झाला की मुख्याध्यापक दारात. प्रशिक्षणाच्या खोलीला शेजार नव्हता, हे आपण विसरलो. जागेवरच उपाय काढला : कुजबूज जोडी. नव्वद सेकंद, फक्त कुजबुजायचे, शिक्षकाचा हात वर गेला की थांबायचे. तिसऱ्या दिवशी पाचवीच्या ४६ मुलांत चालले.

१२ जानेवारी २०२५, लष्कर

व्हॉट्सॲप गटात सुप्रभातच्या फुलांखाली कामाचे बुडाले होते. नियम केला : शुक्रवारी नेपाळी वेळेने चार ते साडेचार, एकच प्रश्न, एकच ध्वनिमुद्रण. पुन्हा तीन मिनिटांचे वर्गमुद्रण मागवले, नऊ आले. सहांमध्ये मुलांची स्वतःची वाक्ये ऐकू येतात. उरलेल्या तिन्हींत वरचे वर्ग. अडचण ऐकून कळते तशी : दहावीच्या एसईई या परीक्षेची छाया आठवीपर्यंत येते आणि लेखी प्रश्नोत्तरे बोलण्याची जागा खातात.

२ फेब्रुवारी

परतभेट. जानेवारी मुद्दाम टाळला. धुक्यात गोरखपूरकडची गाडी किती उशिरा येईल याचा नेम नसतो आणि थंडीने इथल्या शाळांच्या वेळाही बदलतात. म. प्र. मंडळाच्या परीक्षा महिनाअखेरीस, म्हणून ९ ते १५ फेब्रुवारी एवढीच फट.

दोघे पाहुणे : एक सर, एक मिस. नागरिकता प्रमाणपत्र सोबत आणायला कळवले. पहिले दोन दिवस ते फक्त पाहतील, पुढचे तीन दिवस आपल्या सहावीला शिकवतील, आणि चर्चेत शेवटी बोलणारे ते असतील, एकच बदल सुचवून. ‘व्हेस्ट-वेस्ट’ त्यांच्यासमोर पुन्हा निघणार, त्यामुळे चौघांनी रोज दहा मिनिटे शब्दकोशाच्या आवाजाबरोबर सराव सुरू केला आहे. मार्कर ३० घेतले, टोपणे दोऱ्याने बांधून.